टुमदार गाव हवं, फास्ट लोकलसह

ठाण्यातल्या आमच्या भाड्याच्या घरातून समोरच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. दोन बिल्डिंगांमध्ये अंतरच तेवढं. परवा पाचवी शिट्टी झाली तेव्हा बायकोनं गॅलरीतूनच हाक घातली, ‘काकू, गॅस बंद करा, डाळीचं पाणी झालं असेल.’ काकूंनी गॅस बंद केला आणि आम्हाला तुमच्याकडचा टीव्ही जरा हळू ठेवा म्हणून सांगितलं. त्याच रात्री घरात ठराव पास झाला: मुंबईपासून लोकलच्या टप्प्यात एखादं टुमदार गाव बघायचं आणि कायमचं तिकडं राहायला जायचं.

ठराव एकमतानं झाला. घोडं अडलं ते तपशिलात. बायकोला डोंगर हवा, झाडी हवी, जमलं तर नदी. आईला चालत जाता येईल असं देऊळ आणि देवळाहून जवळ डॉक्टर. चिरंजीवांना मोबाइलची रेंज. मला एवढंच हवं होतं, की सकाळी साडेनऊला फोर्टातल्या ऑफिसात पंच मारता यावा. बायको घरूनच काम करते, महिन्यातून एखाद वेळी ऑफिसला तोंड दाखवून येते. त्यामुळे निसर्ग तिच्याकडं आणि वेळापत्रक माझ्याकडं, अशी खातेवाटप सहजच झाली.

शोध सुरू केल्यावर एक नियम माझ्या लक्षात आला. गावाचा टुमदारपणा आणि तिथून मिळणाऱ्या गाड्या यांचं प्रमाण नेहमी व्यस्त असतं. दर दहा मिनिटांनी लोकल असेल तिथं कौलारू घर औषधालाही सापडत नाही. आणि जिथं ओढा, चिंचेचं झाड, पारावर गप्पा मारणारे म्हातारे वगैरे सगळं जागच्या जागी असतं, तिथली एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत आपणही त्या म्हाताऱ्यांत जाऊन बसायचं.

नियम काही आजचा नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती ठाण्यालाच. १४ डबे आणि ४०० पाहुणे. खाडीकाठचं, तळ्यांचं ते ठाणं बघून त्यातला एखादा पाहुणा नक्की म्हणाला असणार, ‘इथं राहायला काय मजा येईल हो!’ त्याच्या त्या वाक्याची फळं आम्ही आज कुकरच्या शिट्ट्यांसकट भोगतोय. आता ते चारशे पाहुणे गर्दीच्या वेळी एकाच डब्यात मावतात. बसत नाहीत, पण मावतात.

जाहिरातींवर मी फार काळ विश्वास ठेवला नाही. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे रिक्षा येत नाही. ‘झपाट्यानं विकसित होणारा परिसर’ म्हणजे रस्ता खणलेला आहे. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ यात एक गोष्ट मोघम ठेवलेली असते: स्टेशन सध्याचं की व्हायचं आहे ते. आम्ही एका ठिकाणी तो पाच मिनिटांचा रस्ता पायी चाललो. वाटेत आईनं दोनदा बसून घेतलं, एकदा पाणी प्यायलं, आणि एका घरी तर ओळख निघून चहा झाला.

पहिलं नाव बदलापूरचं निघणार हे उघड होतं. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, तिथूनच सुटणाऱ्या लोकल, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक तिथले. ते सगळे वीस वर्षांपूर्वीच्या बदलापूरबद्दल इतकं हळवं बोलतात, की ते बदलापूर कुणी संपवलं असं त्यांना विचारायचा धीर होत नाही. तिथल्या एका साइटवर पोरगेलासा सेल्समन होता. बायकोला बघताच त्यानं ओळखलं, की निसर्गखातं इकडं आहे.

‘वहिनी, हा रिव्हर व्ह्यू. बेडरूममधून थेट नदी.’

बायकोनं नदी बघितली, मग खाली मातीचा रंग बघितला. २०१९ च्या जुलैत याच उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटी, हेलिकॉप्टरं लावून सोडवावं लागलं होतं. ते दिवसभर टीव्हीवर बघितलेलं ती विसरणं शक्यच नव्हतं.

‘नदी कुठपर्यंत येते?’ तिनं विचारलं.

‘कुठपर्यंत म्हणजे?’

‘पावसाळ्यात.’

‘पार्किंगपर्यंतच येते वहिनी, वर नाही येत,’ तो अभिमानानं म्हणाला. ‘आणि तेही दरवर्षी नाही.’

मग कर्जत. कर्जत सुंदर आहे यात वादच नाही. पावसाळ्यात भिवपुरीपासून पुढं डोंगरांवरून धबधबे सुटायला लागतात आणि डब्यातला शेअर बाजारवालासुद्धा मोबाइल खाली ठेवतो. स्टेशनवरचा वडा आहेच. आई तर वडा खाऊनच कर्जतच्या बाजूनं मत देऊन मोकळी झाली. अडचण एवढीच, की कर्जत १०० किलोमीटरवर आहे आणि गाडी तिथं जाताना मधल्या प्रत्येक सुखदुःखात सहभागी होते. कल्याणनंतर मेल-एक्सप्रेसला वाट द्यायची म्हणून ती अशी उभी राहते, की आपण प्रवासाला निघालोय की कुणाच्या लग्नात वाढायला उभे आहोत ते कळत नाही.

शिवाय तिथला रहिवासी व्हायला मुंबईत एक परीक्षा पास व्हावी लागते. सीएसएमटीच्या इंडिकेटरवर ‘के’ दिसला की नवखा माणूस ‘के फॉर कर्जत’ समजून खुशाल चढतो आणि कल्याणला गाडी रिकामी झाल्यावर एकटाच बसून राहतो. कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’. पाहुण्यांना हे फोनवर समजावताना माझीच दमछाक झाली. एक मावशी अजून म्हणते, की तुम्ही आम्हाला येऊ द्यायचं नाही म्हणून असं सांगता.

याच सुमारास मला चेझारे मार्केट्टी नावाचा इटालियन भौतिकशास्त्रज्ञ वाचनात भेटला. त्यानं १९९४ मध्ये असं मांडलं, की माणूस पार गुहेत राहत होता तेव्हापासून रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभरच घालवत आलाय. वाहन वेगवान झालं की त्याचा वेळ वाचत नाही, घर लांब जातं. म्हणणं पटण्यासारखं आहे. पण कर्जतचा माणूस फोर्टात नोकरीला असेल तर रोजचे चार तास कुठं गेले नाहीत. म्हणजे त्याच्यामागं तिघं जण दिवसभर घरीच बसून असले पाहिजेत, त्याशिवाय सरासरी जुळायची नाही. मी आमच्या घरात नजर फिरवली. बायको, आई, चिरंजीव. बरोबर तिघंच होती. कर्जतचा विषय मी तिथंच मिटवला.

पश्चिम रेल्वेकडं आम्ही फार वळलो नाही. डहाणूपर्यंत लोकल २०१३ ला गेली खरी, समुद्र आहे, चिकूच्या वाड्या आहेत, पण चर्चगेटपासून १२४ किलोमीटर म्हणजे नोकरी आणि संसार यांतलं एकच काहीतरी निवडायचं. अलिबागचा विषय निघाला होता. तिथले जमिनीचे भाव ऐकल्यावर आपोआप बुडाला, बोटीत बसावंच लागलं नाही.

खरं ज्ञान मला झालं ते गाडीत. पट्टीचे प्रवासी असलेले एक काका चौथ्या सीटवर अर्धे टेकून होते. (लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्यानं एका मांडीवर बसायची ही सोय. बाहेर सरकलेला पाय हा ज्याचा त्यानं सांभाळायचा.) माझ्या हातातलं ब्रोशर बघून ते म्हणाले, ‘गाव काय बघताय? गाडी कुठून सुटते ते बघा. जिथून सुटते तिथं राहा. बाकी सगळी गावं सारखीच.’

हे इतकं सोपं होतं, की माझ्या यादीतली अर्धी नावं तिथल्या तिथं गळाली. वासिंद छान, पण गाडी मागून भरून येणार. नेरळ तर फारच छान, शिवाय तिथून एक गाडी खरोखरच सुटते, थेट १९०७ पासून. पण ती माथेरानला जाते आणि माझं ऑफिस दुर्दैवानं माथेरानला नाही.

‘पण सुटते तिथं तरी सीट मिळते का?’ मी विचारलं.

काका नुसतेच हसले. मग त्यांनी ‘डाउन करणं’ समजावून सांगितलं. म्हणजे गाडी जिथून सुटणार त्याच्या एक-दोन स्टेशनं मुंबईच्या बाजूला राहणारे हुशार लोक मुंबईऐवजी उलट्या दिशेची गाडी पकडतात, शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात आणि उतरतच नाहीत. गाडी तीच परत फिरते. तुम्ही सुटायच्या ठिकाणी आंघोळ-पूजा करून, पंधरा मिनिटं आधी पोचता, आणि खिडकीत पुढच्या गावचा माणूस आधीच झोपलेला असतो.

तरीही सूत्र धरून आम्ही आसनगावला पोचलो. सीएसएमटीपासून ८६ किलोमीटर, गाडी तिथून सुटते, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोर माहुली. किल्ल्याचे ते सुळके ढगात घुसलेले बघून बायको रस्त्यातच थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तरी हलेना. आईला देऊळ सापडलं. देवळासमोरच दवाखाना होता, म्हणजे दोन्ही खाती एका फेरीत. चिरंजीवांचा फोन वर करून बघून झाला, तीन काड्या होत्या. मी स्टेशनवर लावलेलं वेळापत्रक उतरवून घेतलं. घरात इतकी शांतता कित्येक महिन्यांत नांदली नव्हती.

पाण्याचा प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता. मुंबईला पाणी पाजणारं भातसा धरण याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावंही याच तालुक्यात. म्हणजे गंमत अशी, की धरणाजवळ राहायला आलो तर पाणी कमी आणि धरणापासून लांब मुंबईत राहिलो तर चोवीस तास टाकी भरलेली. बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘साहेब, बोअर आहे.’ बोअरला पाणी आहे का, असं मी विचारणार होतो, पण बायकोनं कोपर मारलं. डोंगर समोर असताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

सॅम्पल फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. गॅलरीचं दार सरकवलं आणि पूर्ण माहुली, डावीकडून उजवीकडं, एका चौकटीत. बायकोनं मनातल्या मनात तिथं वेताची खुर्ची ठेवली, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. महारेराचा नंबर होता, कागद बघितले, सगळं व्यवस्थित. टोकनचा चेक लिहायला मी पेनही काढलं. सवयीनं टेबलावरचा लेआउट उलटा करून बघितला. आमच्या गॅलरीच्या आणि डोंगराच्या मधोमध फिकट निळ्या रंगाची एक चौकट होती.

‘हे काय आहे?’

‘फेज टू. चौदा मजली. पण अजून चालू नाही सर, दिवाळीनंतर.’

‘मग आमचा डोंगर?’

‘डोंगर कुठं जातोय, सर? डोंगर तिथंच आहे.’

बायको खुर्ची ठेवल्या जागेवरूनच वळली. ‘त्या बिल्डिंगमधून दिसेल ना डोंगर?’

‘एक नंबर दिसतो, वहिनी. दहाव्याच्या वर तर अख्खा.’

‘मग तिथलाच दाखवा.’

त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि चुकचुकला. ‘फुल आहे, वहिनी. सगळं बुकिंग बदलापूरवाल्यांनी घेतलंय.’