लाठी उगारायच्या आधीची दहा मिनिटं

बेळगावात बंदोबस्ताला येणाऱ्या प्रत्येक पोलिसाला, हातात लाठी देण्याआधी, तापलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे रीतसर शिकवलं पाहिजे. ही मागणी मी फक्त मराठी माणसासाठी करत नाही. 10 डिसेंबर 2024 ला बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधाजवळ (कर्नाटकाचं इथलं विधिमंडळ भवन) पंचमसाली लिंगायतांच्या आरक्षण आंदोलनावर लाठीमार झाला, तेव्हा मार खाणारे कन्नडच बोलणारे होते. लाठी सुरू झाली की ती भाषा विचारत बसत नाही.

आपल्या वाट्याला आलेलं तर आपण जन्मभर विसरणार नाही. 1986 च्या कन्नडसक्ती विरोधी आंदोलनात गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांसाठी आपण दर 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी जमतो. जुलै 2014 मध्ये येळ्ळूरला काय झालं, ते व्हिडिओ देशानं पाहिले. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा गावचा फलक काढायचा आदेश न्यायालयाचा होता, मान्य. पण घरात शिरून माणसांना झोडपा, असं त्या आदेशात कुठं होतं? गावातल्या चार जाणत्यांना बसवून बोलायला एक दिवस गेला असता. तो दिवस वाचवला आणि लोकांच्या मागे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा लागल्या.

बोलून प्रकरण शांत करणं म्हणजे नरमाई, असं पोलीस खात्यातल्या अनेकांना वाटतं. आपल्यातल्याही बऱ्याच जणांना वाटतं. त्यांना मी शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत पाहिलेलं सांगतो. मध्यरात्र उलटलेली, एका मंडळाचा ट्रॅक्टर वळणावर अडकलेला, मागच्या मंडळाची पोरं ढकलाढकलीवर आलेली. राखीव दलाचे तरुण जवान लाठ्या सरसावून पुढं आले आणि पोरं आणखी पेटली. तेवढ्यात एक वयस्कर हवालदार मध्ये गेले. आधी त्यांनी जवानांनाच हातानं खूण करून मागं घेतलं. मग सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या पोराला बाजूला नेऊन आपल्या बेळगावी मराठीत विचारलं, "बाळा, कुठल्या मंडळाचा तू? अध्यक्ष कोण तुमचा? फोन लाव त्याला." पोरगा बोलत राहिला, ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ट्रॅक्टर निघेस्तोवर थांबतोस, का पोरं घेऊन चाकाला हात लावतोस? तू सांग." पोरं चाकाला भिडली.

त्या हवालदारांना हे कुठल्या वर्गात शिकवलेलं नसावं. पण त्यांनी केलं ते सगळं शिकवता येतं: अंतर वाढवायचं, वेळ मिळवायचा, बोलणारा एकच ठेवायचा, समोरच्याला नावानिशी ओळखायचं आणि त्याला मान राखून मागं सरकायला वाट द्यायची. अमेरिकेत पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेनं 2016 मध्ये असंच प्रशिक्षण सुरू केलं, आयकॅट नावाचं. जवळ बंदूक नाही पण बिथरलेला आहे, अशा माणसाशी कसं वागायचं, हा त्याचा गाभा. लुईव्हिल शहरात सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. बळाचा वापर 28 टक्क्यांनी घटला, नागरिकांच्या जखमा 26 टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या जखमा 36 टक्क्यांनी घटल्या. सगळ्यात जास्त फायदा पोलिसांचाच झाला. हा शेवटचा आकडा प्रत्येक ठाण्यात फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

कुणी म्हणेल, एकटा माणूस वेगळा आणि जमाव वेगळा. बरोबर आहे. म्हणूनच स्वीडनकडे बघा. 2001 मध्ये गोटेनबर्गला युरोपीय संघाच्या शिखर परिषदेवेळी दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यातून धडा घेऊन तिथं संवाद पोलीस नेमले गेले. त्यांचं काम आंदोलनाआधी आयोजकांना भेटायचं, मार्ग ठरवायचा, आंदोलनात ओळखू येईल असं जाकीट घालून सोबत राहायचं आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायचे.

आता आपला 1 नोव्हेंबर डोळ्यांपुढं आणा. 1956 मध्ये या दिवशी बेळगाव कन्नड राज्यात घातलं, म्हणून धर्मवीर संभाजी उद्यानातून काळ्या दिनाची सायकल फेरी निघते; त्याच दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, गर्दी उसळते. तारीख 1956 पासून ठरलेली आहे, कुणाला अचानक कळत नाही. तरीही परवानगी शेवटच्या घटकेपर्यंत लटकत ठेवली जाते आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं रस्त्यावर उभी केली जातात. त्यांना समोरचा माणूस ठाऊक नसतो, गल्ली ठाऊक नसते. मंगल कार्यालयात कशीबशी झोप काढून पहाटेपासून उभा असलेला पंचवीस वर्षांचा पोरगा "हिंदक्क होग्री!" (मागं सरका!) ओरडतो. शब्द आपल्याला कळतो, इथं कन्नड न समजणारे कितीसे आहेत? पेटवतो तो त्याचा सूर. त्या पोराचा मला राग येत नाही. त्याला तसंच उभं करणाऱ्यांचा येतो.

कायदाही आधी बोलायलाच सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा आणि नंतर बळ वापरायचं, असा क्रम आहे. या दोहोंमध्ये वेळ किती द्यायचा आणि तो कसा वापरायचा, इथंच प्रशिक्षणाचं काम सुरू होतं.

त्यासाठी लांब जायलाही नको. पोलीस प्रशिक्षण शाळा आपल्या खानापुरात आहे, राखीव दलाची कंग्राळीत आहे. तिथं शिकणाऱ्यांना इथल्याच मंडळांच्या पोरांसमोर उभं करा, खोटी मिरवणूक अडवा, खोटी घोषणाबाजी होऊ द्या, आणि लाठी न उगारता गर्दी हलवायचा सराव करून घ्या. बाहेरून येणाऱ्या तुकडीसोबत गल्लीतली माणसं ओळखणारा, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा एक तरी स्थानिक पोलीस द्या. आणि 1 नोव्हेंबरच्या परवानगीचा निर्णय निदान आठ दिवस आधी, आयोजकांसमोर बसून करा.

गणेशोत्सवाआधी शांतता समितीची बैठक होईल. तिथं मी हे सगळं लेखी देणार आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड मजकूर तपासून देणारे कुणी असतील तर मेसेज करा. सह्या दोन्ही भाषकांच्या हव्यात, त्यामुळे आपल्या कन्नड मित्रांनाही ही पोस्ट दाखवा.