रंगायतनचे 'गडकरी' कोणते?

ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतंय, की गडकरी रंगायतनला नितीन गडकरींचं नाव दिलंय. साफ चूक. मासुंदा तलावाकाठचं हे नाट्यगृह 1978 साली सुरू झालं. तेव्हा नितीन गडकरी जेमतेम एकवीस वर्षांचे होते; त्या वयात कोण कुणाचं नाव नाट्यगृहाला देतं? हे गडकरी म्हणजे राम गणेश, 'एकच प्याला' लिहिणारे. तळीरामाच्या नकला आपण गॅदरिंगला पाहिल्या, पण लेखकाचं आडनाव ऐकून मंत्रीच आठवतात, याचं मात्र वाईट वाटतं. नागपूरशी त्यांचाही संबंध आहेच म्हणा: 1919 साली ते वारले, ते नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. वय अवघं तेहतीस.