नळदुर्ग पाहायला जाणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

बोरी नदीला पाणी येऊन नळदुर्गचे नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागल्याची चित्रफीत मोबाइलवर आली, की किल्ला पाहण्याचा मुहूर्त लागला असे समजावे. एरवी जाण्यात अर्थ नाही, कारण धबधब्याविना किल्ला म्हणजे नुसतेच दगड.

निघण्यापूर्वी काहीही वाचू नये. वाचलेच, तर हा आदिलशाहीच्या सीमेवरचा किल्ला होता, निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी त्याला वेढा घालून पाहिला, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर तो मोगलांकडे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला, मधली १८५३ ते १८६० ही वर्षे इंग्रजांच्या कारभारातही राहिला, असली गुंतागुंत डोक्यात शिरते आणि ‘हा महाराजांचा किल्ला आहे का?’ हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न तिकीट देणाऱ्याला विचारायचा राहून जातो. उत्तर ‘नाही’ असे आले, की आपण मोकळे. इतर गडांवर चारचौघांच्या धाकाने का होईना पायातून निघणारे बूट येथे खुशाल तोफेवर ठेवावेत.

उपळी बुरुजावर ध्वनिक्षेपक न्यावा; वरच्या लांबलचक तोफांना गाण्याची आवड आहे.

नवबुरुजाकडे फिरकू नये. सेल्फीत तो मावत नाही.

पाणीमहालात मात्र भरपूर वेळ काढावा. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हे दोन किल्ले जोडणारा बंधारा नदीवर बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बसवला. बाजूने नदी कोसळत असताना माणसाने आत कोरड्या जागी उभे राहून ती पाहावी, अशी ही योजना. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे अंध होतील, अशा आशयाचा फारसी लेखही तेथे आहे. त्या काळच्या लोकांना लेख लिहायला कारागीर लागत असे. आपल्याला मोटारसायकलची किल्ली पुरते. परवा माझ्यादेखत एका तरुणाने ती चुन्याच्या गिलाव्यात रोवली, आधी स्वतःचे नाव, मग तिचे नाव, मग भोवती बदाम, असा सगळा सोहळा शांतपणे केला, नावातली वेलांटी पहिली की दुसरी यावर मित्रांशी सल्लामसलतही केली, आणि खाली सांडलेला पांढरा चुरा फुंकून टाकला. मित्र चित्रण करीत होते. शेजारी एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन हे कौतुकाने दाखवीत होते. मी हटकले, तेव्हा उत्तर आले, ‘काका, आधीच एवढी नावं आहेत, एकाने काय फरक पडतो?’

फरक पडतो. चारशे वर्षांचे महापूर अंगावर घेऊन ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांवर प्रत्येक रविवारी ‘एकाने काय फरक पडतो’ म्हणणारे शेकडो लोक किल्ल्या घेऊन येतात, आणि खरवडलेला गिलावा पुन्हा उगवत नाही. वरून नवा चुना थापता येतो, मूळचा परत मिळत नाही. तेथे पहारेकरी दिसत नाही, पाटी पुसट झाली आहे, या सबबी मला सांगू नका. भिंत खरवडू नये हे कळायला पाटी लागत असेल, तर तुमच्या शिक्षणावर झालेला खर्च पाण्यात गेला. कोणत्या राजाचा किल्ला हे विचारून मग त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवणारे तुम्ही कोण? बांधला सुलतानाने असेल. दगड फोडले, चुना मळला, तो याच मुलखातल्या माणसांनी, आणि आज तो तुमचा-माझाच आहे. आणि ते खांद्यावर मूल घेऊन उभे असलेले सद्गृहस्थ, तुम्हीही ऐका: त्या पोराला तुम्ही त्या दिवशी किल्ला दाखवला नाही, तो कसा नासवायचा ते शिकवलेत. एवढे कळत नसेल, तर घरी बसा.