घड्याळ बांधलं म्हणून आई पडायची थांबत नाही

‘आईवडिलांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधा. पडण्याआधीच इशारा मिळतो, पावलं पुरी झाली की चाल उत्तम समजा, आणि तुम्ही अमेरिकेत असलात तरी निर्धास्त राहा.’ हा मेसेज नात्यातल्या तीन ग्रुपवर आला. त्यावर विसंबून कुणी बेसावध राहू नये, म्हणून लिहिते आहे.

आधी इशाऱ्याचं. ॲपलच्या घड्याळात २०१८पासून असलेली सोय पडल्यानंतरची आहे. जोरात आपटल्याचा हादरा ते ओळखतं आणि माणूस मिनिटभर हललं नाही, तर मदतीचा नंबर लावतं. भिंतीला धरत हळूहळू खाली घसरलेली आई त्यातून सुटू शकते. शिवाय आंघोळीला जाताना घड्याळ बहुधा चार्जरवर असतं. येत्या बारा महिन्यांत पडण्याचा धोका किती, हे चालीवरून सांगणारी सोय २०२१मध्ये आली, पण ती आयफोनमध्ये. त्यासाठी फोन कमरेजवळच्या खिशात लागतो. साडीला खिसा नसतो; माझ्या आईचा फोन दिवसभर टीव्हीशेजारीच पडलेला असतो.

पावलांचा आकडा तर फारच फसवा. मनगटावरचं यंत्र हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतं. वॉकर धरून चालणाऱ्याचे हात हलतच नाहीत, त्यामुळे बरीच पावलं मोजलीच जात नाहीत. आणि आकडा बरोबर आला तरी चाल कशी आहे हे त्यातून कळत नाही. पाहायचा असतो वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकलेले राहतात तो वेळ. त्यात वेग सगळ्यात बोलका. ३४,४८५ ज्येष्ठांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग आणि पुढे किती वर्षं जगतात, यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला.

हा वेग घरीच मोजता येतो. फरशीवर खडूनं चार मीटर आखा, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडा, नेहमीच्या चालीनं चालायला सांगा आणि मोबाइलवर सेकंद मोजून वहीत लिहा. पाचाहून जास्त लागले, किंवा महिन्यागणिक वाढत चालले, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या, उभं राहिल्यावर उतरणारा रक्तदाब, मोतीबिंदू, सैल स्लिपर, हे सगळं तपासून घ्या. न्यूझीलंडच्या ओटागो पद्धतीत पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम असतात. चाचण्यांमध्ये त्यांनी पडणं सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं.

आणि निर्धास्त राहण्याचं म्हणाल, तर बोस्टनमध्ये फोन वाजला तरी इथलं दार आतून बंदच असतं. घड्याळ जरूर घ्या, पण त्याआधी घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या.