सगळी नाणी लेवोनचीच

किलिकियाच्या (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या) मध्ययुगीन अर्मेनियन राज्याचे तांब्याचे नाणे हाती आले, की सर्वप्रथम ते चिंच आणि मीठ लावून देवघरातल्या पळी-पंचपात्रासारखे लख्ख घासून काढावे. सातशे-आठशे वर्षांच्या हिरव्या थराबरोबर अक्षरांच्या उरल्यासुरल्या कडाही जातात आणि मग आपले वाचन खोटे ठरवायला नाण्याकडे पुरावाच राहत नाही.

पुढचे काम अक्षरांचे. ठसा तिरका बसल्यामुळे राजाचे नाव नेमके काठाबाहेर गेलेले असते आणि ‘अर्मेनियनांचा राजा’ एवढेच शब्द सुवाच्य राहिलेले असतात. पण हे बिरुद सर्वांचेच असल्यामुळे हवा तो राजा निवडण्याची मुभाच मिळते, असे समजावे. नावातला ‘ल’ दिसलाच, तर बेलाशक पहिला लेवोन म्हणावे. १३७५ मध्ये राजधानी सीस शत्रूच्या हाती पडेपर्यंत या नावाचे पाच राजे होऊन गेले आणि त्यांपैकी एकालाही तांब्यावर आपला अनुक्रमांक घालण्याची बुद्धी झाली नाही, यात आपला काय दोष? कोणी चूक दाखवलीच, तरी डगमगू नये. तार्सस येथे राज्याभिषेक झालेला लेवोन राजांमध्ये पहिला, पण राज्य होण्यापूर्वीचे अधिपतीही मोजले तर तोच दुसरा ठरतो. तेव्हा ‘मी दुसऱ्या पद्धतीने मोजतो’ एवढे उत्तर पुरते.

‘ह’ दिसला तर दुसरा हेतुम सोयीचा. हा गृहस्थ गादीवर बसला, ती सोडून फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती संन्यासी झाला, परत आला, स्मबात या सख्ख्या भावाने त्याला आंधळे करवले, तरी पुन्हा सत्तेवर आला. एवढ्या फेऱ्यांमध्ये कोणतेही नाणे खपून जाते.

चित्राकडे मात्र चुकूनही पाहू नये. पहिल्या लेवोनच्या तांब्यावर समोर पाहणारे मुकुटधारी डोके असते आणि लेवोन म्हणजेच सिंह असल्याने ते राजाचे की सिंहाचे, असा प्रश्न पडावा इतके ते आयाळदार असते. पाठीमागे दोन आडव्या दांड्यांचा क्रूस आणि त्याच्या दोन्ही अंगांना चांदणी. पहिल्या हेतुमच्या चांगल्या रुंद नाण्यावर राजा सिंहासनावर बसलेला आणि मागे ते सीस शहरात पाडल्याचा लेख. नाव पार पुसलेले असतानाही ही दोन नाणी एकमेकांपासून वेगळी काढता येतात, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

एवढे झाल्यावर पाकिटावर ‘लेवोन पहिला’ असे ठळक शाईने लिहावे. जुने संग्राहक यासाठी पेन्सिल वापरतात, परंतु पेन्सिलीचे खोडता येते.