हावडा पुलाचे श्रेय नेमके कोणाचे?

दरवर्षी ३ फेब्रुवारी जवळ आला की कोलकात्याच्या हावडा पुलाच्या छायाचित्राखाली एक मजकूर फिरू लागतो: ‘इंग्रजांनी एकही नट-बोल्ट न वापरता हा पूल बांधला, १९४३ पासून त्याला हात लावावा लागलेला नाही, आणि आपले पूल मात्र पाच वर्षांत कोसळतात.’ पुलाचा वर्धापनदिन जरूर साजरा व्हावा. परंतु या मजकुरात ज्यांनी तो उभारला आणि ज्यांनी आजवर राखला, त्या दोघांचेही श्रेय पुसले जाते, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

नट-बोल्टांची गोष्ट खरी आहे, पण तिच्यात चमत्कार काही नाही. त्या काळी मोठे पोलादी पूल रिव्हेटांनीच, म्हणजे एका टोकाला डोके असलेल्या जाड पोलादी खिळ्यांनीच, जोडत असत. १९३२ साली खुला झालेला सिडनी बंदराचा पूलही तसाच जोडलेला आहे. लालबुंद तापवलेली रिव्हेट भोकात घालून तिचे दुसरे टोक ठोकून चपटे करतात आणि ती निवताना आकसते, त्यामुळे दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट आवळले जातात.

‘इंग्रजांनी बांधला’ हे विधान अर्धेच खरे आहे. आराखडा लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन या अभियांत्रिकी कंपनीचा होता आणि राज्यही इंग्रजांचे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुलाला लागलेल्या सुमारे २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातून आले, कारण महायुद्धामुळे इंग्लंडहून माल येणे जवळपास थांबले होते. ‘टिस्क्रोम’ नावाचे ते उच्च ताणशक्तीचे मिश्रपोलाद टाटांनी इथेच तयार केले. त्याचे सुटे भाग कोलकात्यातल्याच कारखान्यांत घडवले गेले आणि नदीच्या गाळात विहिरींसारख्या प्रचंड पोकळ पेट्या उतरवून मनोऱ्यांचे पाये घालण्यापासून दोन मनोऱ्यांमधला ४५७ मीटरचा गाळा जोडण्यापर्यंतचे जोखमीचे काम इथल्या मजुरांनी केले. त्यांची नावे कोणत्याही मजकुरात येत नाहीत, आणि खरी खंत हीच आहे. (उद्घाटनाचा थाटही झाला नव्हता, जपानी बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने पूल गाजावाजा न करता वाहतुकीस खुला केला गेला.)

सर्वांत घातक दावा देखभालीचा आहे. या पुलाची निगा कोलकाता बंदर प्रशासन सातत्याने घेत आले आहे: रंगकाम, पक्ष्यांच्या विष्ठेची सफाई, गंजाची तपासणी. पुलाचा रस्ता वरच्या सांगाड्याला पोलादी हँगरांनी, म्हणजे उभ्या दांड्यांनी, टांगलेला आहे आणि हँगरांच्या बुडाशी पाणी शिरू नये म्हणून तिथे पोलादी आवरणे बसवलेली आहेत. येणारे-जाणारे नेमके तिथेच पान खाऊन थुंकत असल्यामुळे ६ मिलिमीटर जाडीची ही आवरणे अवघ्या चार वर्षांत झिजून ३ मिलिमीटरहून कमी उरल्याचे २०११ च्या तपासणीत आढळले आणि त्यावर फायबरग्लासचे कवच चढवण्याचे ठरले. तपासणी झाली नसती तर हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. ‘हात लावावा लागला नाही’ असे लिहिणारा माणूस या कामावर अन्याय करतोच, शिवाय देखभालीचा खर्च वायफळ असल्याचा समजही पसरवतो.

राहिली तुलना. याच हुगळी नदीवर इंग्रजांनी १८७४ साली बांधलेला तरंगता पूल वाहतुकीला अपुरा पडला, म्हणून तर हा नवा पूल उभारावा लागला. महाडजवळ सावित्री नदीवरचा जो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, तोही इंग्रजी अमदानीतलाच होता. पडलेले पूल अशा छायाचित्रांत येत नाहीत. टिकले तेवढेच दिसतात आणि त्यांच्याच आधारे आजच्या अभियंत्यांना सरसकट नालायक ठरवले जाते. आज एखादा पूल पडला तर कंत्राटदाराला, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि पावसाळ्यापूर्वीच्या तपासणी अहवालावर सही करणाऱ्याला नाव घेऊन जाब विचारला पाहिजे, आणि हावडा पुलाचे छायाचित्र पुढे पाठवल्याने तो जाब विचारला जात नाही.