जड म्हणजे मुका नव्हे : ‘एक गुहागरकर’ यांना उत्तर

नमस्कार.

उत्तराला आठवडा लागला, कारण तुम्ही म्हणता ते एकदा करून बघायचं होतं आणि पावसाने तीन दिवस खळ्यात उतरू दिलं नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘एअर रायफलचे छर्रे कसे निवडावेत’ या लेखात मी वजनाला किंमतच दिली नाही, ही पहिली तक्रार. तुमचा मावसभाऊ टेक्सासमध्ये काडतुसं घरी भरतो, सायलेन्सर लावून नेमबाजी करतो आणि त्यासाठी मुद्दाम जड गोळ्या आणतो. ‘जड तेवढी शांत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल,’ असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा आपणही मिळतील तितके जड छर्रे घ्यावेत, नळीच्या तोंडाला आवाज दाबणारी एक डबी बसवावी, शेजाऱ्यांची कटकट मिटली. आणि कोकणातल्या दमट, जड हवेत छर्रा मंदावतो हे मी लिहिलेलं वाक्य म्हणजे लोणकढी थाप.

थापेपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जड नसते, उलट किंचित हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, आणि तो त्यांचीच जागा घेतो. अंगाला चिकचिकतं म्हणून आपण हवेलाच जड म्हणतो, आणि मी तेच लेखात ठोकून दिलं. ते वाक्य काढलंय. दमटपणा छर्‍याला बाधतो तो डब्यात, हवेत नाही. माझा एक डबा दोन पावसाळे जुन्या लाकडी कपाटात राहिला. उघडला तर छर्‍यांवर पांढरी भुकटी, आणि चिमटीत धरला की बोटाला खडूसारखी लागते. ओल आणि लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ, दोन्ही शिशाला खातात. तेव्हापासून छर्रे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. ती भुकटी विषारी असते, म्हणून हात धुवा. सुतार खिळे धरतो तसे छर्रे ओठांत धरायची सवय असेल तर आजच सोडा. मला होती.

आता मावसभावाकडे वळू. तो करतो ते बरोबर, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ चुकलाय.

बंदुकीच्या आवाजाचे मुख्य भाग दोन. नळीच्या तोंडातून दाबाखालचा गरम वायू एकदम सुटतो, तो धडाका पहिला. सायलेन्सर एवढंच काम करतो: त्या वायूला आतल्या आडव्या पडद्यांत अडवतो, थंड करतो आणि हळूहळू सोडतो. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली याचं पेटंट घेतलं. दुसरा आवाज गोळी स्वतः करते. ती आवाजापेक्षा वेगात गेली की वाटभर चाबकासारखा कडाका ओढत नेते, आणि तो नळीच्या बाहेर होत असल्याने सायलेन्सरच्या हातात काही उरत नाही. हवेतला आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आपल्याकडच्या ३० अंशांत ३४९. कडाका नको असेल तर गोळी या रेषेच्या खाली ठेवायची, म्हणजे मुद्दाम हळू सोडायची.

वजन येतं ते इथे. वेगाला छत घातल्यावर जोर टिकवायचा तर हातात फक्त वजन उरतं. तुमचा भाऊ बहुधा ‘थ्री हंड्रेड ब्लॅकआउट’ नावाचं काडतूस भरत असेल, या कामासाठी ते तिकडे फार चालतं. त्यात ११० ग्रेनची, म्हणजे ७ ग्रॅमची गोळी वेगवान माऱ्यासाठी आणि २२० ग्रेनची, १४ ग्रॅमची, शांत माऱ्यासाठी भरतात. दोन्ही सेकंदाला ३१० मीटरनेच सोडल्या तर हलकीत जोर ३४० ज्यूल (ज्यूल हे जोर मोजायचं माप), जडीत त्याच्या दुप्पट. जडपणाने आवाज गेलेला नाही. आवाज गेला हळूपणाने, आणि हळूपणाने गेलेला जोर जडपणाने भरून काढला. ‘जड तेवढी शांत’ म्हणणाऱ्याने मधली पायरीच गाळली.

त्याच्या निवडीचा अवघड भाग तर वजनाच्या पुढे आहे. जड गोळी लांब असते, आणि लांब गोळी हळू गेली तर तिला स्थिर ठेवायला नळीच्या आतल्या चरांचा, गोळीला गरगर फिरवणारा पीळ घट्ट लागतो. या काडतुसाच्या नळ्यांत म्हणूनच साधारण ८ इंचांत एक वेढा असतो. पीळ सैल पडला तर गोळी डुलत निघते, आणि पुढे सायलेन्सर असला तर ती आतल्या पडद्यांना घासते किंवा धडकते. मग सायलेन्सर तरी फुटतो नाहीतर गोळी भलतीकडे जाते. शिवाय शिकारीची पोकळ टोकाची गोळी वेगात आपटल्यावर फुलण्यासाठी बनवलेली असते. तीच हळू सोडली तर न फुलता सुईसारखी आरपार निघते, म्हणून हळू माऱ्यासाठी मुद्दाम बनवलेली वेगळी घ्यावी लागते. भावाला विचारा, तो आधी नळीचा पीळ बघतो की तराजू.

यातलं आपल्या रायफलीला काय लागू पडतं? जवळपास काहीच नाही. २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार बिनपरवाना एअर रायफल ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आत असावी लागते. स्पर्धेचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा. अगदी २० ज्यूल लावले तरी तो सेकंदाला २७५ मीटरच्या पुढे जात नाही, आणि आपल्या साध्या स्प्रिंगच्या रायफली एवढंही देत नाहीत. १२ ज्यूलच्या रायफलीत कडाका व्हायला हवा असेल तर छर्रा ०.२ ग्रॅमचा हवा, तसा कुणी बनवत नाही. म्हणजे आपला छर्रा आधीच हळू आहे. जो कडाका होतच नाही तो जडपणाने कमी कसा होणार?

‘माझी तर दिवाळीच्या लवंगीसारखी वाजते,’ असंही तुम्ही लिहिलंय. वाजल्यावर नळीतून धूर आणि जळकट वास येतो का? येत असेल तर तुम्ही दट्ट्याच्या, म्हणजे स्प्रिंगने सुटून हवा दाबणाऱ्या दांड्याच्या, पोकळीत तेल घातलंय. हवा दाबली की तापते आणि ते तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं तसं. जास्तीचं तेल जळून जाईपर्यंत थोडे बार होऊ द्या, आणि पुन्हा तिथे शिलाई मशीनचं तेल सोडू नका, सीलची वाट लागते.

आता प्रयोग. मित्राकडून ०.६७ ग्रॅमचे गोल डोक्याचे छर्रे आणले, माझे नेहमीचे ०.५३ ग्रॅमचे चपट्या डोक्याचे होतेच. शेजारच्या काकी मागच्या दारी फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यांना पाठ करून बसायला सांगितलं आणि दहा बार काढले, पाच हलके, पाच जड, क्रम चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक बाराला त्यांनी ‘जड’ की ‘हलको’ ते सांगायचं. दहापैकी पाच बरोबर आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मग काकी वैतागून म्हणाल्या, “माका सगळे सारकेच वाटतत. पण तां पाठसून ठण करून वाजता, तां काय?”

ते टार्गेटमागचं पत्र्याचं तेलाचं डबडं होतं. रायफल माझ्या कानाशी, म्हणून मला तीच मोठी वाटायची. काकींच्या घराकडे जात होता तो डबड्याचा ठणका. त्यात ओली वाळू आणि जुन्या गोधडीचे तुकडे ठासून भरले, तोंडाला जाड पुठ्ठा लावला, मागे चिऱ्याचा गडगा आहेच. दुसऱ्या दिवशी मी बार काढतोय हे काकींना पहिल्या पाच मिनिटांत कळलं नाही. खर्च शून्य.

डबीचं म्हणाल तर आवाज कमी करणाऱ्या जोडण्या आपल्या नियमांत बंदी असलेल्या मालात मोडतात. ‘खळ्यात कोण बघायला येतंय’ हा तुमचा मुद्दा मी वाचला आणि सोडून दिला. तसंही स्प्रिंगच्या रायफलीत बराचसा आवाज दट्ट्या आपटण्याचा आणि स्प्रिंग झणझणण्याचा असतो, आणि तो तुमच्या गालाखाली होतो. नळीच्या तोंडाला डबी लावून त्याचं काय होणार?

जड छर्‍याने नेमाचं मात्र वाटोळं केलं. १० मीटरवर माझ्या चपट्यांच्या पाच भोकांचा पसारा ५ मिलिमीटर, जडांचा १४, आणि तो सगळा खाली सरकलेला. स्पर्धेत दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो हे लक्षात घ्या. शिवाय गोल डोकं कागद फाडतं, चपटं पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडतं, गुण मोजताना भांडण नाही. गोल डोकं लांब पल्ल्याला बरं, तिथे हवा त्याला कमी अडवते. फार हलके मिश्रधातूचे छर्रेही घेऊ नका, पुढे पुरेसा अडथळा नसला की दट्ट्या भिंतीवर आपटल्यासारखा आपटतो.

मग निवडायचं कशावरून? डोक्याच्या मापावरून, आणि ते नळी सांगते. एकाच कंपनीचा एकाच वजनाचा छर्रा ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांत येतो. माझ्या नळीला ४.५० मानवतो. मित्राची रायफल त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, आणि तिला ४.५१ लागतो. अंगठ्याने बसवताना छर्रा टपकन आत पडला तर सैल, दाबताना मागचा घेर चेपला तर घट्ट. पण हा नुसता अंदाज झाला, खरं कळतं ते रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारल्यावर.

तुमच्या डब्यावरच्या चिठ्ठीत हा आकडा छापलेला असेल. तो आणि रायफलीचं मॉडेल कळवा. माझ्याकडे ४.४९ चे शंभरेक पडून आहेत, माझ्या नळीला ते नकोत. गुहागरला भाच्याकडे येणं होतं तेव्हा आणून देईन.